पाचशे लुमेनची अट काढून टाका

प्रति,
इंदूरहून रात्रीच्या भटकंतीला माणसं नेणाऱ्या सर्व गटांचे संयोजक आणि वाटाडे

मंडळी, सप्रेम नमस्कार.

डिसेंबरातल्या जेमिनिड उल्कावर्षावासाठी महूजवळच्या जानापाव डोंगरावर जायची सूचना परवा फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. कानटोपी, स्वेटर, सतरंजी, पाण्याची बाटली, घरचा डबा, सगळं रास्त. त्याखाली ठळक अक्षरांत तीन वाक्यं: "हेडलॅम्प सक्तीचा. किमान ५०० लुमेन. मोबाईलचा टॉर्च चालणार नाही." पहिल्या आणि तिसऱ्या वाक्याबद्दल पुढे बोलतो. मधली अट मात्र (लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप) काढून टाका, एवढ्यासाठी हे पत्र. एकाच गटाला लिहून भागलं असतं, पण चोरल, पातालपाणी, मांडू अशा वाटांवर रात्री-पहाटे निघणाऱ्या बऱ्याच गटांच्या सूचनांत हा आकडा या ना त्या रूपात मी वाचलाय. कुठे ३००, कुठे थेट १०००. जणू जितके लुमेन जास्त, तितका गट जबाबदार.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे डोळे बघणं हा धंदा आणि रात्री डोंगरात हिंडणं हा जुना नाद, त्यामुळे या विषयात दोन्हीकडून बोलायची सोय आहे.

मागच्या हिवाळ्यात एक तरुण गिऱ्हाईक आलं. "काका, मला रातांधळेपणा तर नाही ना, बघा जरा. ट्रेकला सगळे पुढे जातात आणि मला बॅटरीच्या गोलाबाहेर काही म्हणजे काही दिसत नाही." तपासलं. नंबर नाही, बाकी तक्रार नाही. मग विचारलं, बॅटरी कोणती वापरतोस? त्याने मोठ्या कौतुकाने बॅगेतून काढून काउंटरवर ठेवली. १२०० लुमेन. म्हटलं, बाबा, ही पायाशी मारून चालशील तर गोलाबाहेरचं तुलाच काय, घुबडाला विचार, त्यालाही दिसणार नाही. डोळा ठणठणीत आहे, त्याला अंधार बघायची संधीच मिळालेली नाही.

असं का होतं ते जरा सविस्तर सांगतो.

अंधारात गेल्यावर बाहुली मोठी होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बहुतेकांची समजूत असते की डोळे सरावणं म्हणजे एवढंच. पण बाहुली काही सेकंदांतच मोठी होते, आणि २ मिलिमीटरची ७ मिलिमीटर झाली तरी आत शिरणारा उजेड बारा-एक पटच वाढतो. खरं काम डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) चालतं. तिथे दोन जातींच्या पेशी आहेत. शंकूपेशी साधारण ६० लाख. त्या दिवसाच्या, रंग ओळखणाऱ्या, बारीक अक्षर वाचणाऱ्या. दंडपेशी ९ ते १२ कोटी. त्यांना रंग कळत नाही, बारकावाही कळत नाही, पण अंधुक उजेडात त्या जे करतात ते शंकूपेशींच्या बापाला जमणार नाही. १९४२ साली हेख्त, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी प्रयोग करून दाखवलं की अंधाराला पूर्ण सरावलेल्या डोळ्याला प्रकाशाचे जेमतेम पाच-सात कण पडद्यावर टिपले गेले तरी ‘काहीतरी चमकलं’ असं जाणवू शकतं. आपण घराघरांतून अशी दोन-दोन यंत्रं घेऊन निघतो आणि वर ५०० लुमेन बांधतो.

दंडपेशींची ही ताकद ऱ्होडॉप्सिन नावाच्या जांभळट-लाल द्रव्यात आहे. फ्रांत्स बोल या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली बेडकाच्या पडद्यावर हा रंग पाहिला, आणि उजेड पडताच तो विटताना पाहिला. हे द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनतं. त्याची साखळी उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. गाजर, पपई, पालेभाज्या खा असं जे लहानपणापासून ऐकत आलो त्यामागे हे कारण आहे. (ज्यांच्या आहारात हे जीवनसत्त्व पुरेसं आहे त्यांनी आणखी गाजरं खाऊन घुबडाची नजर येत नाही, हेही जाता जाता सांगून टाकतो.)

उजेड पडला की हे द्रव्य विटतं, आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होतं. शंकूपेशी पाच-दहा मिनिटांत स्थिरावतात. दंडपेशींना वीस-तीस मिनिटं लागतात, पूर्ण सरावाला त्याहूनही जास्त. तेवढ्या वेळात नजर हजारो पटींनी तीक्ष्ण होते. पण हे विरजणासारखं आहे: घाई करता येत नाही आणि मध्येच ढवळलंत तर पुन्हा थांबा. किती बिघडतं हे उजेड किती आणि किती वेळ पडला यावर आहे. ओझरता मंद उजेड लगेच भरून निघतो. दोन हातांवरून डोळ्यांत घुसलेला ५०० लुमेनचा झोत मात्र पुढची कितीतरी मिनिटं खातो, आणि त्यातली पहिली काही तर डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे डाग नाचण्यातच जातात.

आता जानापावचं बघा. तिथे आपण जातो कशाला? खाली एबी रोडवर ट्रकांची रांग, उत्तरेला पिथमपूरच्या कारखान्यांचा उजेड, ईशान्येला महू आणि त्यामागे आपलं इंदूर नारिंगी-पांढरं चमकत असतं. पण दक्षिणेला विंध्याचा उतार निमाडाकडे उतरतो आणि तिकडचं आकाश अजून बऱ्यापैकी काळं आहे. (उत्तरेकडे डोकं करून झोपू नये, असं आजी बजावायची. जानापावला खुशाल झोपा. नजर दक्षिणेला राहते आणि पिथमपूर डोक्यामागे जातं.) अशा ठिकाणी सरावलेल्या डोळ्याने एका वेळी हजार-दोन हजार तारे तरी दिसावेत. जेमिनिडमधल्या ठळक उल्का कुणालाही दिसतात, शहरातल्या गच्चीवरूनही. पण बहुसंख्य उल्का मंद असतात. केसाएवढी रेघ, अर्धा सेकंद, संपलं. त्या फक्त सरावलेल्या डोळ्यालाच दिसतात. तेव्हा बस करून, वर्गणी भरून, थंडीत कुडकुडत तिथे जायचं ते याच मंद उल्कांसाठी, आणि पहिला मान मिळतो हेडलॅम्पला.

मागच्या खेपेला काय झालं ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलंच आहे. सगळे सतरंज्यांवर पसरलेले, बोलणं थांबलेलं, देवयानी दीर्घिकेचा तो पुसट ढग कुठे आहे हे मी शेजारच्या मुलांना दाखवत होतो. तो डोळा रोखून बघितला तर नाहीसा होतो, जरा बाजूला नजर ठेवली तर उमटतो, कारण पडद्याच्या ऐन मधोमध दंडपेशीच नसतात. त्यांची दाटी त्या मध्यापासून पंधरा-वीस अंश बाजूला असते. मुलांना ही गंमत कळायला लागली होती. तेवढ्यात एक उत्साही गृहस्थ थर्मास घेऊन आले आणि हेडलॅम्प लावूनच एकेकासमोर वाकून विचारत गेले: "चहा? तुम्हाला? आणि तुम्हाला?" चहा फक्कड होता. देवयानी पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरून आलेली, ती मात्र त्या रांगेतल्या प्रत्येकाने गमावली.

त्या गृहस्थांचा काय दोष? सूचनेत सक्ती होती, त्यांनी पाळली. आणि डोक्यावर दिवा बांधलेला माणूस कुणाशी बोलायला वळला की समोरच्याच्या डोळ्यांत झोत जाणारच. बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघणं ही आपली रीतच आहे.

हेडलॅम्पचा दुसरा दोष चालताना कळतो. दिवा डोळ्यांच्या अगदी वर असला की तुम्हाला जमिनीवरच्या सावल्या दिसत नाहीत. खड्डा, दगड, मुळी, सगळं सपाट दिसतं. तीच बॅटरी हातात, कमरेच्या खाली धरा. लगेच प्रत्येक दगडामागे लांब सावली पडते आणि वाट वाचता येते. दोन्ही हात मोकळे हवे असतील तर हेडलॅम्प गळ्यात किंवा कमरपट्ट्याला अडकवावा. हिवाळ्यात दरीतून धुकं वर येतं तेव्हा तर डोक्यावरचा जोरदार झोत पुढ्यात पांढरी भिंतच उभी करतो.

आता आकड्यांकडे येतो, कारण तुमची अट आकड्याची आहे.

एक लुमेन उजेड एक चौरस मीटरवर सारखा पसरला तर तिथे १ लक्स प्रकाश पडतो. पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर पाव लक्सच्या आसपास असतं. म्हणजे १० लुमेनची, रुंद पसरणारी बॅटरी पायापुढच्या दहा चौरस मीटरवर धरली तर तिथे १ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चौपट उजेड झाला. कोजागिरीला आपण गच्चीवर आटवलेलं दूध पितो तेव्हा पेल्यातली चारोळी दिसते ना? कार्तिकी पौर्णिमेला जानापावला जत्रा भरते, तेव्हा चांदण्यात पायवाट चढता येते की नाही? त्याच्या चौपट तुमच्या पायापुढे आहे. तुमचे ५०० लुमेन त्याच जागेवर टाकले तर ५० लक्स होतात. हा घराच्या बैठकीतला उजेड झाला. दिवाणखाना पाठीवर घेऊन डोंगर चढायचा असेल तर प्रश्नच मिटला.

गंमत अशी की बॅटरी बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. खोक्यावर ‘२०० मीटर झोत’ असं जे छापतात, त्यासाठी अमेरिकी मानकाची एक ठरलेली व्याख्या आहे: ज्या अंतरावर झोत क्षीण होत होत पाव लक्सवर येतो ते अंतर. म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड ‘दिसायला पुरेसा’ असं धंद्यानेच धरलेलं आहे. बाजारात ढिगाने मिळणाऱ्या स्वस्त बॅटऱ्यांवरचे ‘१०,००० लुमेन’ वगैरे आकडे ही निराळीच करमणूक. त्यांच्याबद्दल बोलण्यात शाई घालवत नाही.

शिवाय लुमेन दुप्पट केले म्हणून डोळ्याला उजेड दुप्पट वाटत नाही. २५० आणि ५०० मधला फरक नुसत्या नजरेने सांगताना चांगल्या चांगल्यांची अडचण होते. बॅटरीचा सेल मात्र तो फरक बरोबर ओळखतो. छोटा हेडलॅम्प ५०० वर लावला की काही मिनिटांत तापतो आणि आपण होऊनच उजेड उतरवतो. तसाच रेटला तर पहाटे तीनला मान टाकतो. तोच दिवा १० वर ठेवलात तर रात्र काढून उरतो.

मग किती हवा? माझा अनुभव सांगतो, आणि माझा म्हणूनच घ्या. सतरंजीवर बसून डबा उघडायला, नोंद करायला, पिशवीतलं औषध शोधायला १ लुमेन भरपूर, तोही कमी करता आला तर उत्तम. रुळलेल्या वाटेवर चालायला ५ ते १५. आपल्याकडचा काळा दगड आणि काळी माती उजेड पिऊन टाकतात, परत फेकत नाहीत; तिथे, ओल्या उतारावर किंवा दगडगोट्यांच्या नाल्यात, २० ते ४० लागतात. पण डिसेंबरात माळावरचं गवत वाळून पिवळंफटक होतं, तिथे ५ सुद्धा जास्त वाटतात. या पलीकडचे आकडे शोधाशोधीसाठी आणि संकटासाठी.

म्हणून बॅटरी घेताना ती वर किती जाते हे विचारूच नका. खाली किती उतरते ते विचारा. आणि दुकानातच, पैसे देण्याआधी, बटण दाबून बघा. बऱ्याच बॅटऱ्या पहिल्या दाबाला पूर्ण जोरात पेटतात, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला मंद, आणि चौथ्याला फडफडायला लागतात. म्हणजे मंद उजेडापर्यंत पोचायला आधी डोळे दिपवून घ्यायचे, आणि बंद करताना पुन्हा त्या फडफडीतून जायचं. लाल दिवा असलेल्या काही हेडलॅम्पमध्येही लालपर्यंत जायचा रस्ता पांढऱ्यातूनच आहे. असली बॅटरी फुकट मिळाली तरी रात्रीच्या आकाशासाठी निरुपयोगी. मंदापासून सुरू होणारी, किंवा शेवटचा उजेड लक्षात ठेवणारी घ्या. चार्जिंगची निळी टिकली सारखी लुकलुकत असेल तर तिच्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा.

घरी परीक्षाही घेता येते. रात्री दिवे बंद करून, पडदे ओढून अर्धा तास नुसतं बसा (मोबाईल लांब ठेवून; हीच खरी परीक्षा). मग बॅटरीच्या सर्वांत मंद उजेडात वर्तमानपत्र वाचा. डोळे बारीक करून पान लांब धरावंसं वाटलं, तर तुमचा ‘मंद’ मंद नाही.

लाल दिव्याबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात, तेव्हा तेही स्पष्ट करतो. दंडपेशी सर्वांत तरतरीत असतात त्या ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-हिरव्या उजेडाला. गडद लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून लाल उजेडात शंकूपेशी काम करतात आणि ऱ्होडॉप्सिन शाबूत राहतं. विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९१६ साली क्ष-किरण तज्ज्ञांसाठी लाल काचांचा चष्मा काढला तो याच तत्त्वावर. त्या काळी अंधाऱ्या खोलीत पुसट पडद्यावर हाडं बघायची असत, तर डॉक्टर लोक तो चष्मा लावून आधीपासून उजेडात वावरत. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक आणि खलाशीही असेच लाल गॉगल लावून बसत. तेव्हा लाल दिवा चांगलाच. पण लाल दिवा लखलखीत ठेवला तर तोही सराव घालवतो, आणि लाल उजेडात नकाशावरची लाल रेघ गायब होते, कातडीवरचं रक्तही नीट उमगत नाही. बसून आकाश बघायचं असेल तर मंद लाल. चालायचं असेल, साप-किरडू ओळखायचं असेल, तर मंद पांढरा, आणि तोही पिवळसर. आपल्या जवळजवळ सगळ्या पांढऱ्या एलईडी मुळात निळ्या असतात, वर पिवळा लेप. खोक्यावर ‘६५०० के’ (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) असेल तर त्यात निळा जास्त. ‘२७००’ किंवा ‘३०००’ मिळाली तर ती उचला.

एक आमच्या धंद्यातलं, आमच्याच पोटावर पाय देऊन सांगतो. ‘रात्री स्पष्ट दिसण्यासाठी’ म्हणून पिवळ्या काचांचे चष्मे खपवले जातात. काच पिवळी केली की डोळ्यात जाणारा उजेड कमीच होतो. वाढायचा प्रश्नच नाही. अंधारात ते लावून काही मिळत नाही. त्यापेक्षा नंबरचा चष्मा असेल तर घरी ठेवून येऊ नका आणि काचा पुसून या. रात्री अनेकांचा लांबचा नंबर किंचित वाढतो, त्यामुळे दिवसा चष्म्यावाचून भागवणाऱ्यांनीही तो बरोबर घ्यावा. आणि दिवे बंद करून अर्धा तास झाल्यावरही ज्याला शेजारचा माणूस दिसत नसेल, त्याने मात्र डॉक्टरांना डोळे दाखवावेत. ते बॅटरीचं दुखणं नाही.

आता तुमची बाजू. जबाबदारी तुमच्यावर असते, हे मी विसरलेलो नाही. महू-चोरलच्या जंगलात बिबट्या आहे. साप आहेत. कुणी वाट चुकला, कुणाचा पाय मुरगळला, तर शोधायला लांबचा झोत लागतोच. तो जरूर असावा: एक पुढच्या वाटाड्याकडे, एक सर्वांत मागच्याकडे. हातात, डोक्यावर नव्हे. तीस जणांच्या डोक्यावर तीस झोत असले म्हणजे बिबट्या लांब राहतो असं नाही; एवढंच होतं की झोतांच्या बाहेर तो उभा असला तरी तिसांपैकी एकालाही दिसत नाही. जोरदार बॅटरी लावण्याआधी मोठ्याने "डोळे मिटा!" असं ओरडायची शिस्त लावा, आकाशदर्शनाला जुने लोक असं ओरडतातच. स्वतःलाच उजेडात बघावं लागणार असेल तर एक डोळा घट्ट मिटून ठेवा. दोन्ही डोळ्यांचा सराव स्वतंत्र असतो; झाकलेला डोळा तुमची अर्धी पुंजी सांभाळून ठेवतो.

सापासाठी पायापुढच्या दोन पावलांवर उजेड हवा, तो १०-१५ लुमेनमध्ये मिळतो.

वयस्क मंडळींचा प्रश्न खरा आहे, आणि तो तरुण संयोजकांच्या लक्षात येत नाही. साठीनंतर अंधारातही बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, सरावायला वेळही जास्त लागतो. त्यांना पायाशी थोडा जास्त उजेड द्या, ३०-४० लुमेन, आणि हातात काठी. पण समोरून येणाऱ्या झोताचा त्रासही त्यांनाच सर्वांत जास्त होतो. मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यात तो झोत फुटून सगळीकडे पसरतो. ‘आजोबांना नीट दिसावं’ म्हणून समोरून ५०० लुमेन मारणारा नातू त्यांना खरोखर आंधळं करत असतो. उजेड त्यांच्या मागून, बाजूने, खाली धरावा.

आणि अंधाराची भीती वाटणाऱ्यांना हसू नका. ती बहुतेकदा पहिल्या दहा मिनिटांची असते, कारण पहिल्या दहा मिनिटांत खरंच काही दिसत नाही. त्यावर एक बिनपैशाचा उपाय आहे. तुम्ही पायथ्याशी उतरल्यावर बसचे दिवे लावून अर्धा तास ओळखी, हजेरी, नियम, सूचना करता. हे सगळं अंधारात करा. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर "भिया, अंधेरे में क्या कर रहे हो" म्हणत तो मोठे दिवे लावतोच. हजेरी संपेपर्यंत सगळ्यांचे डोळे तयार होतात, लोकांना शेजाऱ्याचा चेहरा, झाडांचे शेंडे, वाटेचा पांढुरका पट्टा दिसायला लागतो, आणि निम्म्याहून जास्त बॅटऱ्या आपोआप खिशात जातात.

राहिला मोबाईल. त्याचा टॉर्च तुम्ही बंदी घालण्याइतका कमजोर मुळीच नाही. पन्नासेक लुमेनच्या आत-बाहेर असतो, म्हणजे चालायला लागतात त्याहून जास्तच. त्याची खरी अडचण अशी की तो हातातून निसटतो, आणि थंडीत फोनचं चार्जिंग भराभर उतरतं, मग अडीअडचणीला फोन लागत नाही. वेळ आलीच तर टॉर्चच्या टिकलीवर अंगठा ठेवा. मांसातून गाळून येणारा तांबूस उजेड सतरंजीवर चष्मा शोधायला अगदी पुरतो. बंदी घालायचीच असेल तर ती मोबाईलच्या पडद्यावर घाला. उल्का पडली की दहा जण ‘फोटो आला का’ म्हणून उजळलेल्या पडद्यात बघतात आणि पुढच्या वीस मिनिटांच्या मंद उल्का वाया घालवतात.

तेव्हा सूचनेत बदल करायचा तर असा मजकूर चालेल का बघा:

"प्रत्येकाकडे एक लहान बॅटरी असावी, जी मंद उजेडापासून सुरू होते आणि ५ लुमेनच्या खाली उतरते. बॅटरी हातात किंवा गळ्यात, डोक्यावर नाही. कुणाच्याही चेहऱ्यावर झोत टाकू नये. लांब झोताची बॅटरी फक्त पुढच्या आणि मागच्या वाटाड्याकडे राहील. जास्त उजेडाच्या बॅटरीवर लाल कागद लावून मिळेल. वर पोचल्यावर मोबाईल पिशवीत."

लाल कागदाचं मी बघतो. संक्रांतीच्या पतंगांसाठी आणलेला कागद डिसेंबरात दुकानांतून मिळायला लागतो. त्याच्या दोन घड्या बॅटरीच्या तोंडावर ठेवून रबर लावलं की लाल आणि मंद दोन्ही कामं होतात. कापलेले तुकडे आणि रबरं सहलीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत दुकानात ठेवतो. निरोप पाठवणाऱ्यांनी बॅटरीचं तोंड किती रुंद आहे तेवढं कळवावं. ज्यांनी या सूचनेमुळे नवा ५०० लुमेनचा हेडलॅम्प आधीच घेतलाय त्यांनी तो परत करायला धावू नये, त्यावरही कागद बसतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रात्री हिंडणारा एक चष्मेवाला
इंदूर